वडशाचं रंगाचं दुकान : ब्रशवर घर चालवणाऱ्यानं एकदा जावंच

पहिले सांगून टाकतो, दुकानाचं नाव इथं टाकत नाही. टाकणार होतो, मोबाईलवर लिहून दुकानाच्या मालकाला, आमच्या काकाजीला, वाचूनही दाखवलं, तर ते म्हणाले, "नाव नको टाकू बाबू, उधारी मागाले पुरा जिल्हा येईन." म्हणून नाव नाही. पण वडशात, म्हणजे कागदावर देसाईगंज म्हणतात तिथं, बाजारात कोणत्याही पेंटरला विचारा, पडदेवाल्याला विचारा, मूर्तीवाल्याला विचारा, काकाजीचं दुकान म्हटलं की तो बोट दाखवते. दोन पायऱ्या चढून वर, बाहेर पुट्टीच्या गोण्या, आत डाव्या हाताला डब्यांची रास, उजव्या हाताला रंग मिसळायचं, टिंटिंगचं मशीन अन मधात लाकडी गल्ला. वरची पाटी पिवळ्यावर लाल अक्षरं अन काळी सावली अशी आहे. ती मी २००९ साली लिहिली, अजून वाचता येते, हे मी अभिमानानं सांगतो.

रेटिंग पाचपैकी साडेचार. अर्धा कायले कापला ते खाली सांगतो.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, वैनगंगेच्या या बाजूचा. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली, मग एटीडी केलं, ड्रॉइंग मास्तर व्हायचं होतं. एका संस्थेनं जागेसाठी जो आकडा सांगितला तो आमच्या दोन एकर वावराच्या किमतीहून जास्त होता, तर बाबा म्हणाले वावर ठेवू, हातात कला आहे ती खाऊ. तेव्हापासून अठरा वर्षं मी रंगावरच जगून राहिलो. बायको, दोन पोरं, म्हातारी आई, सगळं ब्रशवर अन थोडं धानावर. लोक विचारतात कलाकाराचं भागते का, तर भागते. पण कसं भागते ते कोणी विचारत नाही, अन त्या कसं मधलं अर्धं काम हे दुकान करते म्हणून हा रिव्ह्यू एवढा लंबा होऊन राहिला.

आधी एक अनुभव सांगतो म्हणजे दुकान कसं आहे ते समजेल. मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका नाटक कंपनीचा जंगलाचा पडदा, आमच्या वस्तादांनी रंगवलेला, पंधरा वर्षं तरी जुना असेल, तो आदल्या सीझनमध्ये हॅलोजनला टेकून मधातच जळला, थाळीएवढं भोक. मॅनेजरनं मला सांगितलं की भाऊबीजेला पहिला प्रयोग आहे, नवीन पडदा परवडत नाही, ठिगळ लावून दे पण ठिगळ दिसलं नाही पायजे. आता जंगलाचा हिरवा म्हणजे एक हिरवा थोडीच असते, त्यात सात-आठ हिरवे असतात, अन पंधरा वर्षांत धूळ अन धूर खाऊन त्यांचे आणखी वेगळेच झालेले. मी पडद्याच्या दुमडलेल्या काठातून बोटभर तुकडा कापला अन दुकानात गेलो. काकाजीचा पोरगा म्हणाला, "भाऊ, मशीनवर स्कॅन करतो ना, दोन मिनिटात." केलं त्यानं, डबी आली, लावून पाहिली, बरोबरच होती म्हणा, पण मेली होती. काकाजी तोवर गल्ल्यावर बसून पाहून राहिले होते. त्यांनी तो तुकडा घेतला, अंगठा पाण्यात बुडवून त्याच्यावर घासला, अंगठ्यावर पिवळं आलं. म्हणाले, "हा डब्यातला रंग नोय. हे पिवडी अन नीळ हाय, सरसात घोटलेली. मशीनले हे कसं दिसन?"

मग ते आतल्या खोलीत गेले अन एक स्टीलचा डबा काढून आणला, खरंच पिवडी, म्हणजे पिवळ्या रंगाची पूड. आजकाल कोण ठेवते हो पिवडी. चिमूटभर पिवडी, नीळ, थोडी काजळी, अन वर सरस नाही तर इमल्शन, कारण जुन्या कापडाला आता सरसाचं ओझं झेपणार नाही म्हणाले. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाच पट्टे ओढले. मी म्हटलं तिसरा लागते. ते म्हणाले थांब. टेबलफॅनसमोर धरून पूर्ण वाळवले, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होते, ओला रंग पाहून जो जुळवते तो फसते. वाळल्यावर पाहिलं तर तिसरा नाही, दुसरा लागत होता. तेवढ्यावरही ते थांबले नाहीत, मला बाहेर पायरीवर उन्हात नेलं अन नंतर पुन्हा आत बल्बखाली नेलं, म्हणाले नाटक रातीचं हाय, पडदा उन्हात कोण पाहते, तुले बल्बखाली जुळला पायजे. अर्धा-पाऊण तास गेला. बिल किती झालं? एकशे चाळीस रुपये. भाऊबीजेच्या रात्री मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसून पाहिलं, ठिगळ मलाच सापडेना.

हे एवढं सांगायचं कारण असं की माझ्या धंद्यात माल सगळीकडं मिळते, मोठ्या शहरात स्वस्तही मिळते, पण मालासोबत असा माणूस मिळत नाही.

आता खरी गोष्ट, वही.

कलाकाराकडं पैसा येत नाही असं नाही, पैसा येते. पण तो त्याच्या मर्जीनं येते. माझं वर्ष असं चालते बघा. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीचा सीझन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा झाडीचा पट्टा, धान कापून चुरून झालं की लोकांच्या हातात चार पैसे येतात, मग गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अन रात्रभर नाटक, अन वडसा हे त्याचं गाव, कंपन्यांची ऑफिसं इथंच. गावचं मंडळ एका रात्रीसाठी कंपनी बोलावते, कंपनी स्टेज, पडदे, लाईट, वाजवणारे, नटनट्या सगळं घेऊन येते, गावकरी तिकीट काढून पहाटेपर्यंत पाहतात, घराघरात पाहुणे भरलेले असतात. त्या पडद्यांचं काम मला मिळते. जानेवारी ते मार्च शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायत, कारण निधी ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असते. एप्रिल-मे लग्नाच्या घरांच्या भिंती, शुभविवाह अन गणपती अन नवरा-नवरीचं नाव. जून-जुलै काहीच नाही, धानाचे रोवणे, सगळे चिखलात. मग पोळा, तान्हा पोळा, गणपती, शारदा. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीबैल सुतार करतात, डोळे, झूल, घुंगरं मी रंगवतो, त्या पंधरा दिवसांत झोप नसते.

काम असं. आता पैसा पहा. पडद्याचा अर्धा पैसा आधी, अर्धा कंपनीचे प्रयोग चालले की. शाळेचं बिल मार्चमध्ये दिलं तर कधी जूनमध्ये निघते, कधी दिवाळीत. एका कार्यालयाचं अंगणवाडीचं माझं ११,००० चं बिल दीड वर्षं फिरलं, तीन साहेब बदलले, दर वेळी नवीन साहेब म्हणायचे फोटो पुन्हा काढून आणा. लग्नघरवाले रोख देतात पण तेवढंच. म्हणजे रंग मला जानेवारीत लागते अन त्या रंगाचा पैसा मला जुलैत मिळते. मधातले सहा महिने कोण थांबणार? कंपनी थांबत नाही, किराणावाला महिनाभर थांबते, पोरांची फी थांबत नाही. काकाजी थांबतात.

त्यांच्याकडं लाल कापडाची लांब वही आहे. प्रत्येक पेंटरचं एक पान. हिशोब वर्षातून दोनदा, होळी अन पोळा. महिन्याचा तगादा नाही, फोन नाही, रस्त्यात भेटले तर तब्येत विचारतील, पैशाचा विषय काढणार नाहीत. व्याज नाही. रोखीवाल्याला सूट मिळते ती उधारीवाल्याला मिळत नाही, एवढाच फरक, अन तो मला न्याय्य वाटते. मी एकदा विचारलं, काकाजी तुम्हाला परवडते कसं, तर म्हणाले, "धानवाल्याले धान निघेपर्यंत थांबतात ना लोक, मंग पेंटरचा धान कधी निघते ते पाहा लागते." मला वाटते कलाकाराचा पैसा कोणत्या महिन्यात निघते हे समजून घेणारा एवढा एकच माणूस मला अठरा वर्षांत भेटला.

कारण दुसरीकडं जाऊन पाहिलं मी. एका बँकेत गेलो, त्यांनी तीन वर्षांचं आयटी रिटर्न मागितलं, माझ्याकडं रंगाच्या पावत्या होत्या. मग २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, ५ टक्के व्याजानं पहिले १ लाख, मग २ लाख, अन अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर, मी खुशीत सेतू केंद्रावर गेलो. पोरानं यादी काढली. १८ धंदे आहेत त्यात. सुतार आहे, कुंभार आहे, मूर्तिकार आहे, गवंडी, शिंपी, न्हावी, फुलांचे हार करणारे, खेळणी बनवणारे, सगळे आहेत, अन चांगलं आहे, त्यांना मिळायलाच पायजे. पेंटर नाही. तो पोरगा म्हणाला तुम्ही लाकडी बैल रंगवता ना, खेळणीवाल्यात टाकून देतो. पण बैल मी कोरत नाही, सुतार कोरते, त्याचा हक्क आहे तो. मी नाही टाकलं. परत येताना दुकानात बसलो, काकाजीनं चहा सांगितला अन म्हणाले तुझं पान आहे ना इथं.

२०२० तर सांगायलाच पायजे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, शाळा बंद, लग्नं घरातल्या घरात. मग ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला पूर आला, ब्रह्मपुरी तालुक्यातली कितीतरी गावं पाण्यात, आमचा धान पुरा सडला, घरात छातीएवढं पाणी, माझे ब्रश, स्केचच्या वह्या, दोन अर्धवट पडदे सगळं गेलं. दिवाळीला नाटकं नाहीत. माझ्या पानावर ३८,००० बाकी होती. मी दोन महिने दुकानाच्या रस्त्यानं गेलो नाही, लाज वाटायची. शेवटी त्यांनीच पोराच्या हातून निरोप धाडला. गेलो तर त्यांनी वही उघडली, ३८,००० च्या खाली पट्टी धरून लाल रेघ मारली अन म्हणाले, "वरचं वर राहू दे. खालून नवीन लिहितो. ब्रश पाहून घे कोणते पायजे." मी तिथंच रडलो, गिऱ्हाईक होतं समोर तरी रडलो. रेघेच्या वरचा शेवटचा रुपया मी २०२३ च्या होळीला फेडला, अन तोवर त्यांनी त्या रकमेचं एकदाही नाव काढलं नव्हतं.

मालाबद्दल लिहितो, कारण नुसत्या उधारीवर पाच स्टार देणारा मी नाही.

स्टेनर, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायची रंगछटा, घ्यायला गेलात तर काकाजी पहिले विचारतात भिंत कोणत्या तोंडाची. सावलीतली असेल तर कोणताही पिवळा देतील. पश्चिमेची किंवा दक्षिणेची असेल तर तो चकचकीत लिंबू पिवळा देणारच नाहीत, ऑक्साइडचा पिवळा देतील, थोडा मातकट दिसते पण माती जातीचा रंग आहे, उन्हाला भीत नाही. आमच्या ब्रह्मपुरीचं नाव दर मे महिन्यात सगळ्यात गरम गावांत पेपरला येते, इथं चकचकीत पिवळा अन भडक गुलाबी दोन उन्हाळ्यात पांढरा पडते. लालचंही तसंच, बाहेरच्या भिंतीला रेड ऑक्साइड. नवीन पोरं आणखी एक चूक करतात, रंग गडद पायजे म्हणून पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर ओततच जातात. स्टेनर म्हणजे रंग नाही, त्याला स्वतःची पकड नसते, जास्त झाला की भिंतीवर धड वाळत नाही अन पहिल्या पावसात ओघळते. काकाजी त्यापेक्षा मशीनवर गडद बेसमध्ये बनवून घे म्हणतात, महाग पडते पण ओघळत नाही.

माझी एक जुनी चूक सांगतो. २०१७, एक अंगणवाडी, १५ ऑगस्टच्या आत पायजे म्हणून मागं लागलेले. भिंतीला खालून दोन फूट लोणा, म्हणजे ओलीनं फुटलेला खार. काकाजीला सामानाची यादी दिली तर त्यांनी यादी बाजूला ठेवली, म्हणाले हा माल मी आज देत नाही, पावसाळ्यात लोण्याच्या भिंतीवर काय लावशील ते उकलन, खरवडून दिवाळीपर्यंत वाळू दे. मला वाटलं विकत देत नाही म्हणजे काय! मी दुसऱ्या दुकानातून घेतलं अन झेंडावंदनाच्या आदल्या रात्री बारापर्यंत हत्ती, ससा, अ आ इ सगळं पूर्ण केलं, फोटो मस्त आले. दिवाळीला जाऊन पाहिलं तर हत्तीचे चारही पाय पापुद्रे होऊन खाली पडलेले, सशाला पोट नाही. पुन्हा रंगवून दिलं पदरचं, काकाजीनं तो माल खरेदीच्या भावात दिला अन एक शब्द बोलले नाहीत. धंद्यात गिऱ्हाइकाला आज नको घेऊ म्हणणारा दुकानदार हा माझ्या मते सगळ्यात मोठा पॉईंट आहे.

ब्रशचं असं. एकदा मी ऑनलाईन बारा ब्रशचा सेट मागवला, फोटो भारी, किंमत निम्मी. पडद्यावर आभाळ मारताना दर हातामागं दोन-तीन केस आभाळात चिकटून राहायचे, नखानं काढले की तिथं ओरखडा, संध्याकाळच्या आभाळात मी दोन दिवस केस वेचले. काकाजीच्या दुकानात गल्ल्यावर पाण्याचा गिलास भरलेलाच असते. ब्रश बुडवायचा, झटकायचा, टोक जुळते का पाहायचं, दोन बोटांत केस ओढून पाहायचे, मगच घ्यायचा. पाटी लिहायचा लांब केसांचा ब्रश, जो आता फारसा कोणी ठेवत नाही, तो त्यांच्याकडं अजून आहे, सगळ्या नंबरात नाही पण आहे. त्या ब्रशनं 'श्री' ची वेलांटी एका दमात येते, आखूड केसांच्या ब्रशला तीनदा रंग घ्यावा लागते अन मग जोड दिसते.

फ्लेक्सबद्दल सगळे विचारतात म्हणून. हो, फ्लेक्सनं पाट्यांचं काम खाल्लं, मी खोटं कशाला सांगू, २००७-०८ मध्ये मी महिन्याला पंधरा-वीस पाट्या लिहायचो, आता वर्षाला तेवढ्या नाहीत. पडद्यातही फ्लेक्स आला. पण स्टेजवर फ्लेक्स चमकते, समोरून लाईट पडला की राजवाड्याच्या मधोमध पांढरा गोळा दिसते, अन गुंडाळून गुंडाळून पडलेल्या घड्या जात नाहीत. कापडाचा पडदा लाईट पिऊन घेते. म्हणून काही कंपन्या परत कापडावर आल्या. त्यातही काकाजीचा सल्ला कामी आला, आधी मी पडद्याच्या काही जागा ऑइल पेंटनं रंगवायचो, झळाळी येते म्हणून, पण ऑइल पेंट कडक होते, पडदा रोज गुंडाळला की घडीवर तडकते. आता सगळं इमल्शन, पातळ हातानं तीनदा.

शंकरपटाचाही हिशोब यात आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली तेव्हा आमच्या भागात पटाच्या निमित्तानं बसणारी नाटकं कमी झाली, माझे पडदे कमी झाले, वहीतलं पान लांबत गेलं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली अन २०२३ मध्ये घटनापीठानंही शर्यती चालू ठेवल्या, तसे पट परत भरले, मांडव परत लागले. काकाजी बातम्या वाचतात ते याच्यासाठी, कोर्टाचा निकाल लागला की कोणत्या पेंटरची बाकी कधी फिटणार हे त्यांना समजते. २०२३ मध्येच परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, गुरनोलीचा माणूस, झाडीपट्टीचा नट, दिल्लीत राष्ट्रपतींच्या हातून. बातमी आली त्या दिवशी दुकानात बारा-पंधरा पेंटर, तबलजी, मेकअपवाले जमले होते, काकाजीनं पेढे वाटले. आमच्या वस्तादांच्या डोळ्यांत पाणी होतं. वस्तादांचं वय झालं, हात थरथरते. त्यांच्या मानधनाचा अर्ज काकाजीनंच भरून घेतला होता, ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, पन्नाशीच्या वरच्यांना, महिन्याला ५,००० मिळतात. त्या फॉर्मच्या झेरॉक्स गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये असतात, मागा, देतात. पडदेवाल्यांनो, आपण पण कलावंत आहोत, फक्त नटच नाही, फॉर्म भरा, जुन्या पोस्टरवर आपलं नाव नसते म्हणून जुन्या कंपन्यांची पत्रं आतापासून जमवून ठेवा.

आता अर्धा स्टार.

नवीन पोरांना काकाजी पान उघडून देत नाहीत. जुना कोणी जामीन राहिला तरच. आमच्या गावची एक पोरगी आहे, बी.ए. झालेली, हात इतका सुंदर की मी तिच्या वयात असा नव्हतो, वारली काढते, चेहरे काढते. २०२४ च्या सुरुवातीला 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान चालू होतं, सगळ्या हेडमास्तरांना एकाच महिन्यात बोलक्या भिंती पायजे होत्या, आम्ही जुने पेंटर पुरत नव्हतो, तिला दोन शाळा मिळाल्या. ती दुकानात गेली तर तिला सांगितलं रोख आण नाहीतर बाबाला घेऊन ये. तिला बाबा नाहीत. मी गेलो, माझ्या पानाखाली तिचं पान उघडलं. तिनं एप्रिलमध्ये पै न पै फेडली, माझ्या आधी. मी काकाजीला तोंडावर बोललो की हे चुकलं तुमचं, ज्याला सगळ्यात जास्त गरज तो नवीनच असते, माझ्या पहिल्या वर्षी तुम्ही मला कोणाचा जामीन मागितला होता? ते म्हणाले तेव्हा मी तरुण होतो, नंतर चार जण बुडवून पुण्याले गेले. त्यांचं दुःख मला समजते, पण पटलेलं नाही, अन ते बदलेपर्यंत माझा अर्धा स्टार बाकी राहील. पोरींनो, तुम्हाला जामीन लागला तर मला विचारा, मी राहीन, मनापासून सांगतो.

बाकी बारीक तक्रारी. कॅनव्हास, चांगले वॉटरकलर, ऑइलच्या ट्यूब मिळत नाहीत, शाळकरी पोस्टर कलर मिळतात, बाकीसाठी नागपूर. मशीनवर बनवलेला डबा परत घेत नाहीत, सीलबंद घेतात. गर्दीत काकाजीला ऐकू कमी येते, शेड नंबर कागदावर लिहून न्या. पोरगा वही बंद करून सगळं मोबाईलवर आणायचं म्हणते, आणू दे, पण होळी अन पोळा तेवढे ठेव रे बाबू. त्याचं एक काम मात्र मस्त आहे, व्हॉट्सॲपवर यादी टाकली की माल काळी-पिवळीवाल्याच्या हातात देते, गावच्या फाट्यावर उतरून घ्यायचा, माझा अख्खा दिवस वाचते.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आधी जा, दुपारी जेवायला बंद असते. जुना रंग जुळवायचा असेल तर फोटो नका दाखवू, टवका काढून न्या, रुपयाएवढा तरी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नका जाऊ, घरं रंगवणाऱ्यांची झुंबड असते.

माझ्या पानावर आज ७,८५० बाकी आहे. या सीझनला चार पडदे कबूल झाले आहेत, पहिला जंगलाचा, वस्ताद म्हणाले झाडं तू काढ, आभाळ मी बसून सांगतो. मांजरपाट उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिलं, पिवडीची पुडी पण सांगितली आहे.